नगरसेवक आपला नाही, तर वस्तीची कामं कशी लावून धरायची? (सोलापूर)

पूर्व_भाग
मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आई विड्या वळते. मी लाल बावट्याच्या, म्हणजे माकपच्या (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या) युनियनमध्ये बायकांचे फंडाचे, पेन्शनचे अर्ज भरून देते. महापालिकेच्या निवडणुकीत घरोघरी फिरले, पण आमचा उमेदवार पडला. २०१७ ला १०२ जागांत माकपची एकच जागा आली होती, तरी सभागृहात बोलायला कुणीतरी होतं. एका मोठ्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायला लागल्यापासून आमच्या वस्त्यांनी एकगठ्ठा मतं दिली तरी पुरत नाहीत. आता गल्लीतल्या बायका तोंडावर विचारतात, "तुमचं तिथं कोण आहे, गटाराचं तुम्हाला सांगून काय होणार?" मला काम सोडायचं नाही. पण त्यांना काय उत्तर देऊ?

जुनी_विडीकामगार
पोरी, सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन ये, तिथं तुझं उत्तर उभं आहे. विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत, १०,००० घरं, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते चाव्या दिल्या. घराची किंमत ६०,०००. २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार आपले. हे आपले २० हजार कसे जमले ते तुझ्या आईला विचार. हजार विड्यांना मिळणारी मजुरी ती काय, त्यातही कारखान्यात छाट काढून, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकून, पैसे कापायचे. आमच्या गल्लीतली एक बाई तंबाखूच्या डब्याखाली नोटा ठेवायची, नवऱ्याला पत्ता नसायचा. पैसे भरायच्या दिवशी नोटांना तंबाखूचा वास यायचा. महापालिकेत लाल बावट्याचं बहुमत तेव्हाही नव्हतं.

आणि रे नगर बघ, असंघटित कामगारांच्या घरांची वसाहत. आपले माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ ला आमदार झाले. २००९ पासून पडत आले. तरी ३०,००० घरांच्या रे नगरची पायाभरणी २०१९ ला झाली, जानेवारी २०२४ ला त्यातली १५,००० घरं लोकांना मिळाली. मास्तर आमदार नसताना झालं हे. बायका मोर्चाला येत राहिल्या म्हणून झालं. नगरसेवक पाच वर्षांचा असतो, युनियनची पावती दर महिन्याला फाडायची असते.

यंत्रमाग_कामगार
मावशींचं खरं आहे, पण एक बाजू राहिली. रे नगरच्या पायाभरणीला मोदी आले, मास्तरांनी व्यासपीठावरून त्यांची स्तुती केली आणि पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. आमच्या कारखान्यात त्यावर कडाक्याची भांडणं झाली. मी मास्तरांच्या बाजूचा. पण विरुद्ध बाजूचे म्हणायचे तेही मनाला लागलं : घरं आपल्या बायकांनी लढून मिळवली आणि फोटो दुसऱ्याचा छापला गेला. सभागृहात आपलं माणूस नसलं की हे होतंच. ताई, काम कर, पण पुढची निवडणूक सोडू नकोस.

गोरेगावकर
मुंबईतून लिहितो. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, दोघी १९६१ ला मुंबई महापालिकेत निवडून आल्या. मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणत ते गोरेगावच्या पाण्यासाठी केलेल्या लढ्यामुळे. बाहेर हंडे घेतलेल्या बायका आणि आत प्रश्न विचारणारी त्यांचीच बाई, दोन्ही एकदम असलं की अधिकाऱ्याला टाळता येत नाही. १९७२ ला महागाईविरोधात याच दोघी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा पक्ष वेगळे आहेत म्हणून कुणी थांबलं नाही. तुमच्या प्रभागात दुसऱ्या पक्षाची एखादी प्रामाणिक नगरसेविका असेल तर तिला जरूर भेटा.

जुनी_विडीकामगार
भेट, पण हात हलवत जाऊ नकोस. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. झोन ऑफिसला लेखी अर्ज दे, आवक नंबर घेऊन पोच घे. मग माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, वर्क ऑर्डर (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) आणि मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची) नक्कल माग. एका गल्लीत आम्ही ती नक्कल घेऊन टेप लावून गटार मोजलं. पुस्तकात लिहिलेलं गटार गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलं होतं, जमिनीवरचं मधेच देवळापाशी संपलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले, आणि उरलेलं गटार झालं.

पूर्व_भाग
मावशी, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणते तिच्याही नोटा डब्यातच असायच्या. आमच्या गल्लीत मागल्या वर्षी केलेलं गटार पहिल्या पावसातच तुंबलं. मोजमाप पुस्तकासाठी अर्जात नेमकं काय लिहू?

जुनी_विडीकामगार
गल्लीचं नाव, कामाचं वर्ष, ठेकेदाराला दिलेल्या बिलाची नक्कल आणि मोजमाप पुस्तकाची त्या कामाची पानं, एवढं सरळ लिही. पण एकटी जाऊ नकोस. अर्ज एकीच्याच नावाने लागतो, तरी देताना सोबत दहा जणी ने. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर इथं सांग, अपिलाचं मी बघते.