ट्रेकसाठी स्वस्त आणि हलका रोलवाला कॅमेरा कोणता घ्यावा?

सॅकमधला_दगड

नमस्कार मंडळी,

बाबांचा पेंटॅक्स के१००० गेली दोन वर्षं ट्रेकला घेऊन फिरतोय. कॅमेरा एक नंबर, तक्रार काहीच नाही, पण लेन्ससकट आठशे ग्रॅमच्या आसपास भरतो, वर बाबांची ती जाड चामडी केस आणि पट्टा, म्हणजे लिटरभर पाण्याची बाटली गळ्यात बांधल्यासारखं होतं. मागच्या महिन्यात हरिहरला गेलो होतो. त्या कातळातल्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत आणि हा समोर लोंबकळत दर पायरीला ठक्क ठक्क. शेवटी सॅकमध्ये कोंबला तो पायथ्याला येईपर्यंत काढलाच नाही. ३६ च्या रोलमध्ये ७ फोटो, त्यातले ३ चहाच्या टपरीचे.

डिसेंबरात राजगड-तोरणा करायचाय. बजेट पाच-सहा हजार, फारच चांगलं काही मिळालं तर आठ. वजनाला हलका हवा, कमरेच्या पाऊचमध्ये मावायला हवा, आणि सेल असे हवेत की कुठल्याही दुकानात मिळतील. ऑलिंपसचा म्यू टू बघितला, किंमत बघून परत ठेवला. "मोबाईल आहे की हातात" हे कृपया कोणी सांगू नका, ते आई रोज सांगते.

बुधला_माची

दगडभाऊ, तुझं दुखणं आम्ही सगळ्यांनी भोगलंय. ट्रेकला कॅमेरा किती भारी आहे हे महत्त्वाचं नाही, तो चालता चालता एका हाताने बाहेर निघतो का हे महत्त्वाचं. सॅकमध्ये गेला की संपला, कारण सॅक उतरवायची, चेन उघडायची, तोपर्यंत ग्रुप पुढे गेलेला असतो आणि लीडर मागे वळून बघत असतो.

मी ऑलिंपस एक्सए२ वापरतो, १९८० सालचं मॉडेल. वजन २०० ग्रॅम. पुढचं झाकण बोटाने सरकवलं की कॅमेरा चालू, बंद केलं की लेन्स झाकली, वेगळी कॅप नाही आणि केसही नाही. बाजूला स्क्रूने फ्लॅश लागतो तो काढून घरी ठेव, गडावर त्याचा उपयोग शून्य. फोकस तीन टप्प्यांत: जवळ, मधे, लांब. झाकण बंद केलं की तो आपोआप मधल्यावर येतो, म्हणजे माणसांचे फोटो बहुतेक वेळा न बघता बरोबर येतात, फक्त समोरच्या डोंगररांगा घ्यायच्या असतील तर तेवढी दांडी डोंगराच्या चित्राकडे सरकवायची. मी पहिल्या दोन रोलमध्ये हे विसरत होतो. आता अंगठा आपसूक जातो. सेल एलआर४४ दोन, घड्याळवाल्याकडे मिळतात.

दोष सांगतो. लाल चौकोनी बटण फार हळवं आहे, पाऊचमध्ये झाकण जरा सरकलं तर फुकट फोटो जातो. उजेड कमी झाला की शटर आपण होऊन सेकंद-दोन सेकंद उघडं राहतं आणि तुला वाटतं फोटो निघाला, निघतो तो धुरकट. पहाटे पद्मावती माचीवरून काढणार असशील तर दगडावर टेकवून काढ, खाली सेल्फ टायमरची दांडी आहे ती पायासारखी बाहेर येते.

याचाच थोरला भाऊ एक्सए, त्यात खरा रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस करायची सोय) आहे आणि लेन्स एफ २.८, म्हणजे उजेड जास्त घेते, पण पैसेही जास्त आणि दम लागलेला असताना दोन चित्रं एकमेकांवर जुळवत बसायला कुणाला वेळ आहे. चांगल्या अवस्थेतला एक्सए२ तुझ्या बजेटमध्ये मिळेल, पण शोधावं लागेल.

जुना_भिडू

बुधला बरोबर बोलतोय पण बाळा तू विकत घ्यायच्या आधी नातेवाइकांची कपाटं उघड. गंमत नाही करत. नव्वदीत ज्या घरात लग्न झालं त्या घरात याशिका एमएफ-२ नाहीतर कोडॅकचा केबी१० कुठेतरी बेडशीटखाली पडलेला आहे, पेन्सिल सेलवर चालतो, फोकस नाही काही नाही, बटण दाबायचं. त्याहून जुनं घर असेल तर अग्फाचा क्लिक थ्री निघेल, आम्ही कॉलेजला असताना तोच घेऊन लोहगडावर गेलो होतो, पण त्याला १२० चा, म्हणजे रुंद रोल लागतो आणि १२ फोटोत खेळ खलास, तेव्हा तो शोकेसमध्ये बरा.

माझं मत विचारशील तर ऑलिंपस ट्रिप ३५. १९६७ ते १९८४ इतकी वर्षं बनत होता म्हणजे विचार कर. सेलच नाही! लेन्सभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी काच आहे, तो सेलेनियमचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा, आणि उजेडावरच चालतो. उजेड पुरत नसला तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल जीभ वर येते आणि शटर दाबलंच जात नाही, म्हणजे वाया जाणारा फोटो कॅमेराच वाचवतो. वजन चारशे ग्रॅमच्या जवळपास, एक्सए२ च्या दुप्पट, पण सगळं धातूचं, आपटला तर दगडाला लागेल.

घेताना एक बघ. रिंग ए (ऑटोमॅटिक) वर ठेव, हाताने काच पूर्ण झाक आणि बटण दाब. लाल जीभ आलीच पाहिजे. मग खिडकीकडे धरून दाब, फोटो निघाला पाहिजे. अंधारातही खुशाल फोटो निघत असेल तर मीटर गेलेला आहे, दुकानदार काहीही सांगो. मुंबईत असशील तर फोर्टात बोरा बाजारला चक्कर मार, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार आहे, पण तिथे सकाळी लवकर जा आणि पहिला भाव ऐकून हसून पुढे चालायला शीक.

कारवी

मी उलट अनुभव सांगते. हलका हवा म्हणून मी नवा कोरा प्लॅस्टिकचा हाफ फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन काढणारा, घेतला होता, नाव नाही घेत, असे बरेच आहेत आता. शंभरेक ग्रॅम, ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो, मी हवेत! कळसूबाईला भर उन्हात फोटो सुरेख आले. मग तोच घेऊन सांदण दरीत गेले. आत दोन्ही बाजूंना कातळ, ऊन वरच्या वर, आणि या कॅमेऱ्याचं शटर एकच, सेकंदाचा शंभरावा भाग, छिद्रही एकच एफ ९.५ चं. तो बिचारा काय करणार. निगेटिव्ह हातात आली तेव्हा बरीचशी पट्टी कोरी, एका फ्रेममध्ये मैत्रिणीचा पांढरा हेल्मेट तेवढा दिसतोय, खाली मैत्रीण नाही.

कॅमेऱ्याचा दोष नाही, माझा. असा घ्यायचा असेल तर ४०० चाच रोल घाल (आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) आणि ऊन असेल तेव्हाच काढ. निगेटिव्ह रोलला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही.

आणि दादा, कॅमेऱ्याच्या बजेटवर एवढा जीव काढतोयस पण खर्च रोलमध्ये आहे. रोल, धुणं, स्कॅन सगळं धरून मला एक फोटो चाळीसेक रुपयांना पडतो. म्हणजे सहा हजाराचा कॅमेरा चार-पाच रोलमध्ये वसूल, किंवा काय म्हणायचं ते, उलट वसूल.

सॅकमधला_दगड

धन्यवाद सगळ्यांना! कारवीताई, हेल्मेट वाचून ऑफिसात हसलो.

रोलचा खर्च वाचवायला ऑनलाइन ते सिनेमाचे रोल कापून साध्या डबीत भरून विकतात ते बघतोय, स्वस्त पडतात. चालतील का? आणि काका, तुमचं ऐकून आज घरच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय, मामाने फक्त अंगठा पाठवलाय.

बुधला_माची

चालतात, पण दोन गोष्टी. एक, त्या फिल्मच्या मागे बऱ्याचदा कार्बनचा काळा थर असतो, तो नेहमीच्या रंगीत केमिकलमध्ये गेला की सगळं मशीन काळं, म्हणून साधी लॅब हात लावत नाही. इसीएन-२ ने, म्हणजे सिनेमाच्या फिल्मच्या पद्धतीने धुणारी लॅब आधी शोध, फोन करून विचार, मगच रोल घे. दोन, डबीवर डीएक्स कोडचे (रोल कितीचा ते कॅमेऱ्याला सांगणारे) चंदेरी चौकोन नसतील तर ऑटोमॅटिक पॉइंट अँड शूट गोंधळतात, बरेचसे १०० चा समजून चालतात. एक्सए२ आणि ट्रिपला आयएसओ, म्हणजे रोलचा तो १००-२०० आकडा, हाताने लावता येतो म्हणून फरक पडत नाही, पण लावायला विसरलास तर तो दोष कॅमेऱ्याच्या माथी मारू नकोस.

माझा सल्ला, राजगड-तोरण्याला साधा २०० चा रोल ने. राजगडच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरलास की तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत धार सगळी उघडी आहे, डिसेंबरात वाळलेलं गवत आणि डोळ्यांवर ऊन, २०० खूप झाला. मुक्कामाला टेंटमधले फोटो काढणार असशील तरच ४००.

आणि रोल घातल्यावर दोनदा वाइंड करून बघ, डावीकडची रिवाइंडची नॉब आपोआप उलटी फिरते का. मी एकदा अख्खा तोरणा काढला, ४१ फोटो झाले तरी रोल संपेना, मी मनात म्हणतोय काय नशीब आहे. रोल पहिल्यापासून दात्यात अडकलाच नव्हता. झुंजार माचीवर त्या दिवशी असं धुकं होतं की पुन्हा तसं दिसलं नाही.

कारवी

पावसाळ्याचंही सांगून ठेवते. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नकोस, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, पाकिटं ओली झाली की बदलायची. तांदळाच्या डब्यात ठेवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस, लेन्समध्ये पीठ जातं.

सॅकमधला_दगड

अपडेट!!! मामाकडे ट्रिप ३५ निघाला!! मस्कतला होता तेव्हा आणलेला. केसचा चुरा झालाय पण कॅमेरा ठणठणीत. काकांची परीक्षा घेतली, काच झाकली, लाल जीभ आली, खिडकीकडे धरला, क्लिक झाला. फुकट!

पण एक प्रॉब्लेम आहे. काउंटर १९ वर आहे आणि रिवाइंडची नॉब हळूच फिरवली तर ताण लागतोय. आत रोल आहे बहुतेक. मागचं झाकण उघडू का?

जुना_भिडू

उघडू नको!!! हात लावू नको झाकणाला.

खालचं बारीक बटण दाब, मग वरची कडी उचलून बाणाच्या दिशेने सावकाश फिरव, ओढाताण करू नको, इतकी वर्षं पडलेली फिल्म ठिसूळ झालेली असते. ताण सुटून कडी एकदम हलकी झाली की रोल डबीत गेला. मग उघड. आतला उजेड अडवणारा काळा फोम हाताला डांबरासारखा चिकटत असेल तर ट्रेकआधी बदलून घे, नाहीतर फोटोवर केशरी पट्टे येतील. रोल कुठलाय ते डबीवर वाचून इथे लिही, जुना रंगीत असेल तर लॅबवाल्याला ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धुवायला सांग, रंग गेलेले असतात पण आकार सापडतात कधी कधी.

सॅकमधला_दगड

काढला नीट. डबीवर कोडॅक गोल्ड १०० लिहिलंय. फोम चिकटतोय, बदलतो. आणि माझी चूक लगेच कळली, हो, मघाशी खिडकीकडे धरून जो क्लिक केला तो त्याच रोलवर गेला.

मामाला विचारलं कशाचा रोल आहे, म्हणे कुणाच्या तरी मुंजीचा, कुणाची ते आठवत नाही. आईचं म्हणणं मुंज नाही, गणपती आहेत. आता दोघांचं फोनवर भांडण चालू आहे. सोमवारी लॅबला टाकतो.