मदत हवी आहे: विश्वामित्रीकाठची कोतरं (घळी) आणि तळं वाचवायचंय

नमस्कार मंडळी. पावागडाहून निघालेली विश्वामित्री बडोद्यातून वाहत ढाढरला मिळते, पुढे ते पाणी खंबातच्या आखातात जातं. पूर सामावून घेणारी, मगरींना आसरा देणारी काठची कोतरं आमच्या भागात मलबा टाकून बुजवली जाताहेत. शेजारच्या तळ्याचीही तीच गत होतेय. ते पाणथळ म्हणून नोंदवायचंय, पण 2017 च्या केंद्राच्या पाणथळ संवर्धन नियमांत नदीपात्र आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव बसत नाहीत. (बडोद्याजवळचा वढवाणा तलाव सयाजीराव महाराजांनी सिंचनासाठीच बांधला, तरी 2021 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला!) राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे कुणी अर्ज केलाय का? तळं नैसर्गिक आहे हे दाखवायला जुने सर्व्हे नकाशे कुठे मिळतील? अर्ज गुजरातीत द्यायचाय, पावसाळ्याआधी. कुणी वकील तपासून देईल का?