'आय डिड सेंट' काही सुटेना, सल्ला हवाय

रामबागवाली
नमस्कार मंडळी. मी इंदूरचीच. शाळा हिंदी मीडियम, घरी मराठी, बाहेर हिंदी. वीस वर्षं अकाउंट्स बघतेय, ईमेल नीट लिहिते. पण आता दर सोमवारी बंगलोरच्या साहेबांशी कॉल असतो. गेल्या आठवड्यात काय काय केलं ते इंग्रजीत सांगायचं, म्हणजे सगळा भूतकाळच! तोंडातून 'आय डिड सेंट द फाइल' बाहेर पडतं आणि पडल्यावर कळतं. चौथीतली लेक शेजारी बसून फिदीफिदी हसते.

तिच्या वहीतला तीन रकान्यांचा तक्ता घेतला, रोज दहा क्रियापदं. चार दिवस झाले, अजून 'बी'वरच आहे. अराइज, अवेक, बेअर... ऑफिसात कोण वापरतं हे? क्लास लावू का? एखादं ॲप?

जुना_मास्तर
ताई, तक्त्याला पर्याय नाही. पाढ्यांसारखा घोकायचा. आमच्या वेळी छडी होती म्हणून आजही 'ब्रेक-ब्रोक-ब्रोकन' झोपेत म्हणू शकतो.

शेव_जिरावण
काका, चौदानंतर एकवीस येतात त्याला काही कारण आहे. अराइजनंतर अवेक का यावं? फक्त स्पेलिंगमुळे!

ताई, यमकाने गट पाडा. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट. नो-न्यू, ग्रो-ग्रू, थ्रो-थ्रू. सिंग-सँग, ड्रिंक-ड्रँक, बिगिन-बिगॅन. पुट, कट, हिट, शट, कॉस्ट यांना तर काहीच होत नाही, फुकटात मिळाले समजा. एक खड्डा मात्र आहे. ब्रिंगला सिंगच्या पंगतीत बसवू नका, 'ब्रँग' होईल. मी इंटरव्ह्यूत करून बसलोय, भिया.

सयाजीबागेतून
बडोद्याहून लिहितेय. मला वाटतं, ताईंची अडचण यादीची नाहीच. 'सेंट' त्यांना येतंय की! गोंधळ 'डिड'चा आहे.

मराठीत 'पाठवलं', 'पाठवलं नाही', 'पाठवलं का?' तिन्हीकडे 'पाठवलं' जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत प्रश्न आणि नकार आला की 'डिड' भूतकाळ आपल्या डोक्यावर घेतो आणि क्रियापद मूळ रूपात परततं: 'डिड यू सेंड?', 'आय डिडंट सेंड'. साधं सांगायचं असेल तर 'डिड' नकोच, 'आय सेंट' बास. रोज एकच वाक्य तिन्ही तऱ्हांनी मोठ्याने म्हणा. महिनाभर फक्त हेच केलंत तरी चालेल.

आजोबा_ग्वाल्हेर
इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं बघा. बस-बसला, चाल-चालला सरळ आहेत. पण कर-केलं, जा-गेला, ये-आला, हो-झालं, मर-मेला? माझा तीन वर्षांचा नातू 'मी करलं' म्हणतो. त्याला नियम कळलाय, अपवाद अजून कानावरून पुरेसा गेलेला नाही. इंग्रजांची पोरंही 'गो'ला 'ड' जोडून चक्क 'गोड' म्हणतात.

अपवाद जास्त करून टिकतात ते रोजच्या वापरातल्या शब्दांत. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, सी, कम, सगळे वाकडे. 'हेल्प'चं रूपही एकेकाळी 'होल्प' होतं, मागे पडून 'हेल्प्ड' झालं. आणि 'वेंट' तर 'गो'चं नव्हेच, 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाकडून आणलेलं. दत्तक म्हणा.

शेव_जिरावण
दत्तक! हे आवडलं.

सयाजीबागेतून
सरळ क्रियापदांचा उच्चारही सांभाळा. 'चेकेड', 'क्लोजेड' फार ऐकू येतं. घशावर हात ठेवा. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज थरथरत नसेल (क, प, स, श, च, फ) तर 'ट': चेक्ट, पास्ट. थरथरला तर 'ड': क्लोज्ड, फाइल्ड. शेवटी ट किंवा ड असेल तरच 'इड': पोस्टिड, ऑडिटिड. शंका आली तर केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, फुकट. क्लासला पैसे घालू नका. ॲप हवंच असेल तर अँकी, त्यात शब्दांची कार्डं पुन्हा पुन्हा समोर येतात, पण कार्डं स्वतः बनवा. दुसऱ्याची तयार कार्डं म्हणजे पुन्हा अराइज-अवेक.

जुना_मास्तर
बरं, छडी मागे घेतो. रविवारी रात्री आठवड्याची पाच वाक्यं वहीत लिहा आणि सोमवारी तीच बोला. सगळी स्वतःच्या कामाची.

रामबागवाली
सगळ्यांचे आभार! माझी यादी काढली, जेमतेम बारा निघाली: सेंड, पे, गेट, गिव्ह, फाइंड, मेक, टेल, राइट, रीड, टेक, मीट, फर्गेट. शेवटचं सगळ्यात जास्त लागतं.

आजच्या कॉलवर 'आय सेंट द फाइल, बट दे डिडंट पे' असं सलग बोलले. बोलून झाल्यावर घाम फुटला. लेक हसली नाही, पण लगेच तिने 'रीड'चा भूतकाळ लिहायला सांगितला. मी 'आर-ई-डी' लिहिलं. उच्चार 'रेड' आणि स्पेलिंग तेच जुनं, हे कुणी सांगायचं होतं?

आता ती 'लाय' आणि 'ले' घेऊन बसलीय. 'लाय'चा भूतकाळ 'ले', आणि 'ले' हे पुन्हा वेगळंच क्रियापद! मी म्हटलं, राहू दे बाई, आमच्या ऑफिसात कोणी आडवं पडत नाही.