जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स: घरी केलेल्या दुरुस्तीचे अनुभव

जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर घेताना झटका देऊ लागली किंवा रेस वाढूनही पुढे सरकेनाशी झाली, की ‘बॉक्स खोलावा लागेल’ हे वाक्य फार लवकर कानावर पडते. त्या कामाचा खर्च कित्येकदा गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जातो आणि एरवी धडधाकट असलेली गाडी विकून टाकली जाते. माझे मत असे झाले आहे की बॉक्स खोलण्याआधी तेल, स्विच, केबल आणि वायरिंग या चार गोष्टी घरच्या हत्यारांनी तपासता येतात आणि त्या तपासल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. गाडीचे वय, पहिले लक्षण, काय उघडले आणि कुठे थांबलात, हे आवर्जून सांगावे. फसलेले प्रयत्नही लिहावेत, कारण त्यांचा उपयोग कमी नसतो. सुरुवात मी करतो.

कोथरूड, पुणे

गाडी २००४ सालची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली, चार गिअरची. सकाळी ‘पी’मधून (पार्किंग) ‘डी’मध्ये (पुढे जाण्याचा गिअर) दांडा आणला की दोन-तीन सेकंद काहीच होत नसे आणि मग धप्पकन गिअर पडे. डिपस्टिक पांढऱ्या कापडावर पुसून पाहिली तेव्हा लाल असायला हवे ते तेल काळपट तपकिरी दिसले, पण त्याला जळका वास नव्हता आणि त्यात चमकणारे कणही नव्हते. एवढ्यावरून मी तेल बदलून पाहण्याचे ठरवले.

पातळी पाहण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते, हे आधी सांगितले पाहिजे. बहुतेक गाड्यांत बॉक्स गरम असताना आणि इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात, पण माझ्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिन बंद करून साठ ते नव्वद सेकंदांत पाहावी असे स्पष्ट लिहिले आहे. चुकीच्या रीतीने पाहिले तर तेल जास्त भरले जाते. मग आत फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाळलेल्या तेलाचा दाब टिकत नाही.

जॅक लावून गाडी स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, आणि भरण्याचा बोल्ट सैल होतो याची खात्री झाल्यावरच निचऱ्याचा बोल्ट काढला. हा क्रम कोणीही उलटा करू नये, कारण तेल काढून झाल्यावर वरचा बोल्ट गंजून बसल्याचे कळले तर गाडी जागेवरच अडकते. निचऱ्याच्या बोल्टच्या लोहचुंबकावर करडे, मऊ लोण्यासारखे कीट होते. ते एवढ्या वयाच्या गाडीत अपेक्षितच असते. धातूच्या कपच्या निघाल्या असत्या तर मी तिथेच थांबलो असतो.

एकूण सहा लिटर तेलापैकी अडीच लिटरच बाहेर आले, कारण बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहते. त्यामुळे एकदा बदलले तर निम्म्याहून जास्त जुने तेल आतच असते. मधे आठवडाभर गाडी चालवून हेच काम तीनदा केले, तेव्हा जुन्या तेलाचा वाटा सुमारे एकपंचमांशावर आला. प्रत्येक वेळी निघालेले तेल मापून नेमके तेवढेच, आणि पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे, लांब नळीच्या नरसाळ्याने भरले. तिसऱ्या बदलानंतर सकाळचा उशीर जवळजवळ संपला.

जुन्या गाडीचे तेल बदलले की बॉक्स निकामी होतो, असे अनेक जण सांगतात. मला वाटते, ज्या गाडीच्या क्लच प्लेटा आधीच घसरत असतात तिचे तेल लोक शेवटच्या क्षणी बदलतात आणि मग दोष तेलावर येतो. प्लेटांचे अस्तर झिजले असेल तर कोणतेही तेल ते परत आणू शकत नाही.

ठाणे

माझ्या बाबांची गाडी पंधरा वर्षांची आहे. एका रविवारी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झाली, पण दांडा ‘पी’मधून हलेना. बाबांनी ब्रेक कितीही जोरात दाबला तरी काही फरक पडला नाही आणि टोइंगची गाडी बोलावण्याची वेळ आली होती. शेजारचे काका गाडीच्या मागे उभे होते. त्यांनी सहज म्हटले की ब्रेकचा लाल दिवा लागतच नाही, आणि त्या एका वाक्याने सगळा उलगडा झाला. ब्रेक दाबला आहे हे गाडीला ज्या स्विचवरून कळते त्याच स्विचवरून मागचा दिवाही लागतो. तो स्विच गेला तर दांड्याचे कुलूप उघडत नाही. गिअरबॉक्सचा त्यात काहीही संबंध नसतो.

आधी फ्यूज पाहिला, तो चांगला होता. मग हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, दांड्याशेजारच्या छोट्या झाकणाखालच्या खाचेत किल्ली दाबली आणि दांडा मोकळा झाला. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत अशी सोय असते, पण आमच्या घरी पंधरा वर्षांत ती कोणालाही माहीत नव्हती. मागचे दिवे लागत नसताना रस्त्यावर जाणे मला मान्य नव्हते, म्हणून गाडी तिथेच ठेवून नवा स्विच आणला. पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली आडवे पडून तो बसवायला मला पाऊण तास लागला. जागा अडचणीची होती, काम सोपे होते.

नाशिक

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय अनेक वर्षे शिकवला आहे. ठाण्याच्या ताईंनी स्विचचा अनुभव सांगितला, त्याला जोडून केबलचा सांगतो.

माझ्या भाच्याच्या गाडीचा दांडा सैल झाला होता, ‘डी’मध्ये ठेवला तरी कधी कधी गाडी ‘एन’मध्येच (न्यूट्रल) राहत असे. गिअरबॉक्सच्या बाजूला, जिथे केबलचे टोक बाहेरच्या लिव्हरवर बसते, तिथली प्लास्टिकची बुश (केबलचे टोक घट्ट धरणारी छोटी कडी) तुकडे होऊन पडली होती. गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता आणि चाकांना ठोकळे होते, म्हणून पक्कडीने केबल लिव्हरवर दाबून पाहिली तेव्हा सर्व गिअर नीट पडले. नवी बुश बसवली आणि काम झाले. मात्र तारेने बांधून महिनोन्महिने गाडी चालवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना माझा कळकळीचा विरोध आहे. बुश तुटलेली असताना दांडा ‘पी’वर दिसतो, पण आतला पार्किंगचा खटका चक्राच्या दातांत बसलेला नसतो. अशी गाडी उतारावर आपोआप निघते, आणि तिच्यासमोर कोणाचे तरी मूल असू शकते.

आणखी एक नित्य आढळणारी तक्रार म्हणजे गाडी ‘पी’मध्ये सुरू होत नाही, ‘एन’मध्ये होते. अशा वेळी लोक स्टार्टर आणि बॅटरी बदलतात. प्रत्यक्षात दांड्याची जागा ओळखणारा स्विच किंवा केबल आपल्या जागेवरून थोडी सरकलेली असते. पुष्कळ गाड्यांत दांडा ‘एन’मध्ये ठेवून, स्विचचे बोल्ट सैल करून त्यावरची खाच रेषेशी जुळवली आणि बोल्ट पुन्हा आवळले की काम होते. त्यानंतर गाडी फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच सुरू होते ना, हे ब्रेक दाबून तपासावे.

एडिसन, न्यू जर्सी

येथे मजुरीचे दर असे आहेत की अठरा वर्षांची गाडी गॅरेजमध्ये नेताना दोनदा विचार करावा लागतो. माझी गाडी हायवेवर अचानक एकाच वरच्या गिअरमध्ये अडकली. सिग्नलवरून उठताना ती इतकी जड वाटे की जणू हँडब्रेक ओढलेला राहिला असावा. स्कॅनरवर (गाडीतले दोषसंकेत वाचणारे यंत्र) ‘पी ०७५३’ हा संकेत आला. त्याचा अर्थ पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या (गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडझाप करणारी विजेवरची झडप) विद्युत मंडलात दोष आहे एवढाच होतो. सोलेनॉइडच गेला असा तो होत नाही, आणि बरेच जण येथेच घाई करतात.

बॉक्सवरचा प्लग काढून मल्टिमीटरने रोध मोजला. शाबूत सोलेनॉइडने पुस्तिकेप्रमाणे तेरा ओहमच्या आसपास आकडा दाखवला आणि दुसऱ्यावर मंडल तुटलेले निघाले. गाडीच्या बाजूची तार मात्र ठीक होती, म्हणून दोष आतच होता. तेलाची पॅन उतरवून सोलेनॉइड बदलला, त्याच वेळी फिल्टर आणि गॅस्केटही बदलले.

पॅन परत बसवताना माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली. पॅनचे छोटे बोल्ट किती जोराने आवळायचे हे येथील पुस्तकांत इंच-पाउंडमध्ये दिलेले असते आणि माझा टॉर्क पाना फूट-पाउंडचा होता. तोच आकडा लावला असता तर बारा पट जोर लागून ॲल्युमिनियमच्या बॉक्समधले आटेच गेले असते. लहान पाना उसना आणला, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले आणि मगच तेल भरले. जुने तेल वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन दिले. येथे ते पुनर्वापरासाठी घेतात. भारतात असताना गॅरेजवाल्याकडे जमा करता येते. गटारात ते कधीही ओतू नये.

म्हापसा, गोवा

माझा अनुभव छोटा आहे. दर पावसाळ्यात माझी गाडी गिअर बदलताना झटके देत असे आणि दिवाळीपर्यंत आपोआप सुधारत असे. हाच ऋतूचा धागा धरून शोधले, तेव्हा बॉक्सवरच्या वायरिंगच्या प्लगमध्ये हिरवट कीट सापडले, कारण त्याचे रबरी सील फाटले होते. बॅटरीची केबल काढून प्लग कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला, सील बदलले आणि चेसिसला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीचे गंजलेले टोक घासून पुन्हा आवळले. त्यानंतरचे दोन पावसाळे झटक्यांशिवाय गेले आहेत.

कोल्हापूर

येथे एक फरक नोंदवणे गरजेचे वाटते. २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरियोबरोबर भारतात जी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आली, ती वर दिलेल्या गाड्यांसारखी नाही. तिच्यात साधा गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट असते आणि आपल्या पायाचे व हाताचे काम यंत्र करते. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टरच्या लाल तेलाचे सल्ले तिला लागू होत नाहीत. माझ्या गाडीत गिअर अडकू लागले तेव्हा दोष अशक्त बॅटरीचा निघाला. क्लच प्लेट बदलल्यावर मात्र स्कॅनरने गाडीला क्लचची नवी जागा शिकवावी लागते, म्हणून ते काम मी घरी केले नाही. घाटात ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय सोडली, एवढे माझ्या हाती होते.

छत्रपती संभाजीनगर

कुठे थांबलो हे लिहा, असे कोथरूडच्या दादांनी म्हटले आहे, म्हणून माझे लिहितो. रेडिएटरचे झाकण गाडी थंड असताना उघडले, तर आत गुलाबी, दाट ताकासारखा फेस होता. डिपस्टिकवरही तोच. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या टाकीतल्या एका नळीतून थंड होऊन परत जाते. ती नळी आतून फुटली की कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणीमिश्रित द्रव) तेलात आणि तेल कूलंटमध्ये शिरते. प्लेटांचे अस्तर ज्या गोंदाने चिकटलेले असते तो पाण्याने सुटू लागतो, म्हणून त्या क्षणी गाडी सुरूही करायला नको होती. मी मात्र ती त्याआधीच आठवडाभर चालवली होती.

रेडिएटर घरी बदलला, चार वेळा तेल बदलले आणि रंग पुन्हा लाल झाला. तरीही महिन्याभरात तिसरा गिअर घसरू लागला. तेव्हा मी हत्यारे ठेवली आणि बॉक्स जाणत्या कारागिराकडे दिला. आतल्या प्लेटा आणि पातळ स्टीलच्या चकत्या सहज खोलता येतात, पण त्यांच्यातले अंतर मिलिमीटरच्या अंशांत जुळवावे लागते आणि त्याची मापे व साधने माझ्याजवळ नव्हती. कारागिराने काढलेल्या प्लेटा मला दाखवल्या, तेव्हा नखाने खरवडले तरी त्यांचे अस्तर पापुद्र्यासारखे निघत होते. आता दर महिन्याला, इंजिन पूर्ण थंड असताना, मी रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटचा एक थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर टाकून पाहतो.