मदत हवी आहे: छोटा हत्ती बदलायचाय, पेट्रोल घ्यावा की इंट्रा?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातून बेळगावच्या यार्डात, आणि हंगामात चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेतो. गाडी जुनी टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. 2005 मध्ये आला तेव्हाचंच ते 702 सीसीचं दोन सिलिंडर डिझेल इंजिन. टर्बो नाही, ताकद 16 हॉर्सपॉवर. भरल्या गाडीला घाटात घाई चालत नाही, पण सीट उचलली की इंजिनाला हात पोचतो आणि गावातला मिस्त्री डोळे झाकून खोलतो. हे सुख सोडवत नाही बघा.

पण गाडीचं वय झालं, आता वडीलच म्हणतात बदलूया. 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम, आल्यावर चित्रच बदललंय. एस गोल्ड पेट्रोलला 694 सीसी, सिलिंडर दोनच. धाकटा भाऊ टाटाच्याच मोठ्या पिकअपवर, इंट्रा व्ही-30 वर अडून बसलाय: 1496 सीसी डिझेल, पेलोड म्हणजे माल न्यायची क्षमता 1300 किलो, वर पॉवर स्टिअरिंग. मला वाटतं कोबी-मिरचीला एवढी गाडी रोज भरणार नाही, आणि आमच्या शेताची वाट अरुंद.

पेट्रोल एस भरून चोर्ला किंवा आंबोली चढवलाय का कोणी? पहिल्या-दुसऱ्या गिअरवर किती वेळ जातो? इंट्राची सेन्सरची कामं गावात होतात, की प्रत्येक वेळी बेळगाव गाठावं लागतं? निपाणी-चंदगडकडच्यांनीही सांगा की. अॅव्हरेज मात्र भरल्या गाडीचं सांगा, रिकाम्याचं नको.