मदत हवी आहे: वाडीतल्या तिबोटी खंड्याचे फोटो, घरट्याला त्रास न देता

नमस्कार मंडळी,

माणगावच्या पुढे काकांची वाडी आहे. वाडीच्या मागून पऱ्या वाहतो आणि त्याच्या काठच्या मातीच्या दरडीत यंदा तिबोटी खंड्याची (छोट्या किंगफिशरची) जोडी उतरली आहे. दोघांची ये-जा जूनअखेरीपासून काकांच्या नजरेत होती. आता दोघंही चोचीत भक्ष्य घेऊन बिळात शिरू लागलेत, म्हणजे पिल्लं झाली. या पक्ष्याचा चांगला फोटो काढायची माझी फार जुनी इच्छा आहे, पण तो घरट्याच्या जिवावर नको. म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

आधी जागा सांगतो. बिळाचं तोंड पाण्यापासून कमरेएवढं वर आहे, वरून मुळं लोंबतायत, बाजूला नेचे. पऱ्यापलीकडे करवंदाची जाळी आहे, तिथून बीळ साधारण १५ मीटर. जाळीआड गुपचूप बसलं की पक्षी बिनधास्त असतो. सापसुरळी घेऊन आला, मुळीवर बसला, दोन्ही बाजूंना आपटून तिला मऊ केलं, मग तिचं डोकं बाहेरच्या बाजूला येईल अशी चोचीत फिरवली आणि सरळ आत गेला. पिल्लाला गिळायला सोपं जावं म्हणून खंड्ये भक्ष्य असं धरतात. पण चुलतभाऊ मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला पाण्यात उतरला तेव्हा सगळं बदललं. पक्षी आला, मुळीवर बसला, मान वरखाली करत राहिला, भक्ष्य चोचीत तसंच. भाऊ काठावर येईपर्यंत आत गेला नाही.

जेमतेम १३ सेंटीमीटरचा हा पक्षी. बिळात चार-पाच पिल्लं असतील, ती साधारण २० दिवस आतच वाढतात आणि प्रत्येक घास आई-बापाने भर पावसात शोधून आणायचा. आपल्यामुळे एक एक खेप अडत गेली तर ती पिल्लांच्याच पोटाला बसते.

माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरची कॅमेरा बॉडी आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे. हिशोब केला तर १५ मीटरवरून ६०० ला पक्षी फ्रेमच्या उंचीचा तिसरा हिस्सा भरतो. मला तेवढा पुरे आहे, जवळ जायचं नाहीये. अडचण उजेडाची आहे. वर ऐन-किंजळीची दाट सावली, आभाळ भरलेलं, आणि लेन्स ६०० ला एफ ६.३ च्या खाली येत नाही, म्हणजे याहून जास्त उजेड आत घेत नाही. शटर १/१२५ सेकंद ठेवलं तरी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या वर जातो आणि पोटाचा पिवळा रंग मातकट दिसतो. फ्लॅश वापरणार नाही, आवाज वाजवून बोलावणार नाही, त्यामुळे ते उपाय कृपया सुचवू नका. ट्रायपॉडवर, पक्षी निश्चल बसलेला असताना, तुम्ही शटर कुठपर्यंत खाली आणता? १/३० ला धारदार फोटो मिळतात का? आणि संततधारेत लेन्स कशाने झाकता?

दुसरं, लपण. जाळीआड हिरव्या कापडाचा आडोसा करावा असं मनात आहे. तो एकदम उभा करावा, की आधी लांब ठेवून रोज थोडा पुढे सरकवावा? की घरट्याचा नादच सोडून पऱ्याच्या खालच्या वळणावर बसावं? तिथे एका वाकलेल्या फांदीवरून तो खेकडे आणि बेडूक टिपतो. मला हेच जास्त पटतंय, पण तिथे तो येईल याचा भरवसा नाही. असे फोटो कोणी काढले असतील तर किती वेळ बसावं लागलं ते सांगा.

आता खरी काळजी. भावाचा तो व्हिडिओ ग्रुपवर फिरला आणि मुंबई-पुण्याहून फोन सुरू झाले. 'सहा जण येतो, माणशी पैसे देतो, समोरच्या फांद्या तेवढ्या साफ करून ठेवा.' त्या फांद्या आणि ती मुळं हाच बिळाचा आडोसा आहे. तो गेला की घोरपड, मुंगूस, कावळा, सगळ्यांना वाट मोकळी. भावाला यात चार पैसे दिसतात आणि त्याला वाईट म्हणवत नाही, पावसाळ्यात वाडीतून दुसरं काही येत नाही. त्याला एवढं सांगितलंय की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणंही येतं. तो थोडा थबकला, पण कायद्याच्या धाकाने किती दिवस भागणार?

तुमच्यापैकी कोणी गावात राहून पक्षीनिरीक्षणाला लोक आणत असाल, तर तुम्ही घरट्याजवळ कोणालाच न नेता कमाई कशी करता? पाहुण्यांना पऱ्याच्या खालच्या अंगाला फिरवलं, नाश्ता-जेवण दिलं, तर लोक खूश होतात का? एखादा हटून बसला की काय म्हणता? भावाशी फोनवर बोलायला कोणी तयार असेल तर फार उपकार होतील, माझ्यापेक्षा तुमचं तो ऐकेल.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, व्यनित (खाजगी निरोपात) ही विचारू नका. येत्या शनिवारी मी वाडीवर जातोय. त्याआधी निदान लपणाबद्दल कोणी सांगितलं, तर सामान तसं बरोबर घेता येईल.