मदत हवी आहे: चक्कर-उलटीच्या पेशंटमधला स्ट्रोक गाडीतच कसा ओळखायचा?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे. डॉक्टर नाही, आणीबाणीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस. इथे न्यूरोवाले आणि कॅज्युअल्टीत काम करणारे बरेच जण वाचतात, म्हणून विचारतोय. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यातली केस. पन्नाशीचे गृहस्थ, बीपीचा जुना त्रास. अचानक गरगरायला लागलं आणि तीन उलट्या झाल्या. घरच्यांचं ठाम मत, पोट बिघडलंय. मी शिकवल्याप्रमाणे फास्ट, म्हणजे तोंड, हात आणि बोलणं बघून स्ट्रोक ओळखायची तपासणी, करून पाहिलं. हसायला सांगितलं, तोंड सरळ. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावले, एकही खाली आला नाही. बोलणं स्वच्छ, नाव, वार, सगळं बरोबर. साखर 132, बीपी 170/100. मनात म्हटलं, हे कानाचं प्रकरण, आतल्या कानातला तोल बिघडून येणारी चक्कर. कागदावर 'चक्कर, उलटी' लिहिलं, हॉस्पिटलला आधी फोन केला नाही, पेशंट पोचवला आणि पुढच्या कॉलला निघालो.

तीन दिवसांनी कळलं की लहान मेंदूचा स्ट्रोक होता. सूज वाढली आणि कवटी उघडून ऑपरेशन करावं लागलं. गृहस्थ वाचले आहेत.

मला खुपतंय ते वेगळंच. चादरीवरून स्ट्रेचरवर घेताना त्यांची बायको म्हणाली होती, "मघाशी पलंगावर बसवलं तर एका अंगाला कलंडत होते." मी ऐकलं आणि 'हो हो' म्हणून पुढे गेलो, कारण माझ्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही.

तर प्रश्न असा. तोंड-हात-बोलणं चांगलं असताना स्ट्रोकची शंका कशावरून घ्यायची? गाडीत माझ्याकडे टॉर्च, ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र आणि पाच-सात मिनिटं असतात. हिंट्स नावाची डोळ्यांची तपासणी असते असं वाचलं, ती आम्ही शिकावी का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिफ्लेक्स हातोडी

न्यूरॉलॉजिस्ट आहे, थोडं सविस्तर लिहितो.

फास्ट 1998 मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांसाठीच तयार झालं आणि त्याने अगणित लोकांचं भलं केलं. पण ते मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या नळ्यांचा स्ट्रोक छान पकडतं. मागच्या बाजूच्या रक्तपुरवठ्यात, म्हणजे लहान मेंदू, मेंदूचं देठ आणि दृष्टीचा भाग, गुठळीच्या स्ट्रोकपैकी साधारण पाचातला एक होतो. तिथे फास्ट आंधळं ठरू शकतं. लहान मेंदू हाताला ताकद देत नाही, ताळमेळ देतो. त्यामुळे तुमच्या पेशंटचे हात खाली आले नाहीत यात नवल काहीच नाही.

बाईंनी तुम्हाला निदान सांगितलं होतं. तुमच्या फॉर्मवरच्या सगळ्या तपासण्या आडव्या माणसावर होतात, आणि तोल आडव्या माणसाला लागतच नाही! म्हणून असं करा. पेशंटला काठावर पाय सोडून बसवा, हातांची घडी छातीवर, आणि तुमचा जोडीदार बाजूला धरायला तयार हवा. कानाच्या चकरेचा माणूस कण्हतो, डोळे घट्ट मिटतो, पण सहसा आधाराशिवाय बसतो. लहान मेंदूला मार बसलेला कित्येकदा पोत्यासारखा कलंडतो. बसता आलं तर धरून चार पावलं चालवा. नंतर त्याच्या बोटाने स्वतःचं नाक आणि मग तुमचं बोट शिवायला सांगा. एक हात नेम चुकवत असेल तर कान सोडा, मेंदूकडे बघा.

विचारायचं ते एवढंच: एकाचे दोन दिसतात का, एका बाजूचं दिसेनासं झालंय का, गिळताना ठसका लागतो का. शिवाय मानेच्या मागे नवीन, अचानक दुखणं. तरुण माणसात मानेला हिसका बसून मागची रोहिणी आतून फाटते आणि त्यातून स्ट्रोक होतो. 'वय लहान आहे, स्ट्रोक कसा असेल' हा विचार तिथे घात करतो.

हिंट्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नको. 2009 साली ती पद्धत मांडली गेली आणि तरबेज हातात ती सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही सरस ठरते. पण ती सतत चक्कर चालू असलेल्या, डोळे आपोआप हलणाऱ्या पेशंटवरच लागू होते, आणि वाचून येत नाही. अर्धवट हिंट्स केलं की खोटा धीर मिळतो.

तिसरी फेरी

मीही गाडीवरच. हातोडीसाहेब, तुमचं पटतं, पण आमची बाजूही ऐका. चक्करचे कॉल रोज येतात. प्रत्येकाला 'स्ट्रोक' म्हणून फोन केला तर चौथ्या दिवशी पलीकडचा माणूस फोन उचलणार नाही. लांडगा आला रे आला होईल.

रिफ्लेक्स हातोडी

रास्त मुद्दा. फास्टच्या आधी तोल आणि डोळे जोडून 'बी-फास्ट' केलं गेलं. 2017 च्या एका अमेरिकन अभ्यासात गुठळीच्या स्ट्रोकचे सुमारे 14 टक्के पेशंट फास्टमधून निसटले होते, हे दोन जोडल्यावर 4 टक्क्यांच्या आसपासच निसटले. पण तो अभ्यास ज्यांना स्ट्रोक झालाच होता त्यांच्या केसपेपरवरून केलेला. रस्त्यावर तोल तर दारूनेही जातो, तापानेही. म्हणून नुसती चक्कर पुरेशी धरू नका. एका क्षणी अचानक सुरू झालेली, आयुष्यात पहिल्यांदा आलेली, बीपी, साखर किंवा अनियमित ठोक्यांचा इतिहास, आणि आधाराशिवाय बसता न येणं. यातलं शेवटचं एकटं असलं तरी फोन करा. बसता आलं म्हणजे स्ट्रोक नाही, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

कॅज्युअल्टीवाली

फोन घेणारी बाजू मीच. 'स्ट्रोक आहे' हा शब्द मला तितकासा नको असतो, वेळ हवी असते. पेशंटला शेवटचं धडधाकट कोणी, किती वाजता पाहिलं? इथे सर्रास घोळ होतो. "सहा वाजता झालं" म्हणतात, खोदून विचारल्यावर कळतं की सहाला जाग आली तेव्हा अंगावरून वारं गेलेलं होतं. म्हणजे घड्याळ रात्री अकराला झोपताना सुरू झालं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मुदत साडेचार तास आहे, त्यामुळे हा फरक जीवघेणा ठरतो. तरी 'वेळ गेली' म्हणून रमतगमत आणू नका. मोठी नळी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत गुठळी तारेने ओढून काढता येते, आणि झोपेत झालेल्यांपैकी काहींना एमआरआय बघून इंजेक्शनही देता येतं.

दुसरं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, शेवटची कधी घेतली. औषधांची पिशवीच उचलून आणा. आणि ज्याने शेवटचं बरं पाहिलं त्याला गाडीत बसवा, ते न जमल्यास त्याचा नंबर घ्या. सीटीच्या दारात नातेवाईक सापडत नाही म्हणून आम्ही ताटकळलोय, तेही अनेकदा.

साखर तुम्ही तपासलीत, शाबास. साखर उतरलेला माणूस हुबेहूब स्ट्रोकसारखा दिसतो आणि ग्लुकोज दिल्यावर उठून बसतो. फिट येऊन गेल्यावरही एक बाजू काही वेळ लुळी राहते, म्हणून सुरुवातीला झटके आले होते का हे विचारा.

एकच शंका

माझ्या वडिलांच्या वेळी वेगळंच झालं, धाग्याला जोडून लिहिते. ते भराभर बोलत होते, पण शब्द भलतेच. बसलेल्याला 'पाऊस' म्हणत होते. हातपाय ठीक, चालत होते. आलेल्या माणसाने 'घेतलीय का?' असंच विचारलं. बाबांनी उभ्या जन्मात घेतली नाही. फास्टमधलं बोलणं म्हणजे फक्त बोबडं बोलणं का?

रिफ्लेक्स हातोडी

नाही, आणि ही चूक फार होते. उच्चार स्वच्छ पण अर्थ गायब, हाही भाषेच्या केंद्राचा स्ट्रोक. एक साधं वाक्य पाठोपाठ म्हणायला सांगा, मग 'डोळे मिटा' असं तोंडी सांगा, हातवारे न करता. हाताने करून दाखवलं की पेशंट नक्कल करतो आणि तुम्हाला वाटतं त्याला समजलं. याची उजवी बाजूही आहे: मेंदूचा उजवा भाग गेला की कित्येक पेशंट 'मला काही झालेलंच नाही' म्हणून भांडतात, डावा हात लुळा पडलेला असताना. त्यांच्या म्हणण्यावरून 'उपचार नाकारले' लिहू नका.

तिसरी फेरी

बीपी 210 असेल तर नातेवाईक मागे लागतात, जिभेखाली गोळी द्या म्हणून. काय करता?

कॅज्युअल्टीवाली

देऊ नका. नळी तुंबली असेल तर मेंदूच दाब वाढवून उरलेल्या वाटांनी रक्त ढकलत असतो, तो एकदम पाडला की कडेचा जिवंत भागही उपाशी मरतो. अ‍ॅस्पिरिनही नाही, गुठळी की रक्तस्राव हे सीटीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तोंडाने पाणीसुद्धा नको. उलटी होत असेल तर कुशीवर.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण उरते. हलत्या गाडीत उलट्या करणाऱ्याला बसवणं धोक्याचं वाटतं, जोडीदारही तेव्हा गाडी चालवत असतो. म्हणून परवापासून ही तपासणी उचलायच्या आधी, पलंगावरच करतोय. अर्धं मिनिट जातं. काल एक आजी होत्या, चक्करच्याच. सरळ बसल्या आणि मला म्हणाल्या, "हात काय धरतोस, मी पडत नाही." चालवून, नाक-बोट करून पाहिलं, सगळं ठीक. तरी फोनवर 'अचानक चक्कर, बीपीचा त्रास, आधाराशिवाय बसतात' एवढं सांगितलं. पलीकडून विचारलं, "शेवटचं बरं कधी होतं?" उत्तर माझ्याकडे लिहिलेलं होतं, सव्वाचार.